मेलेल्या बॅटरीचा पंचनामा

बत्तीस वर्षं मी तलासरीच्या नाक्यावर गाड्या दुरुस्त केल्या. आता गॅरेज पुतण्या बघतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून त्याच्या कामात चुका काढतो. दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, अच्छाडच्या चेकनाक्यावर अडकणाऱ्या ट्रकांचे किस्से मागतील. ते माझ्याकडे पोत्याने आहेत. पण संपादकांना हवं होतं हायब्रिड गाड्यांबद्दल, म्हणजे नेमकं त्याच विषयावर ज्यात माझी अब्रू गेली. दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग लिहायला बसलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगतो. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि जोडीला विजेची मोटर असते. मोटरची बॅटरी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा सीटमागे बसवलेली असते. ब्रेक मारताना गाडीची जी ताकद एरवी वाया जाते ती या बॅटरीत साठते. गर्दीत हळू चालताना इंजिन बंद असतं आणि गाडी मोटरवर सरकते. वेग घेतला की इंजिन सुरू होतं. बाहेरून चार्जिंग करावं लागत नाही. यात चमत्कार काही नाही. आमच्याकडच्या लोकांनी मात्र चमत्कार समजूनच ती घेतली, आणि दोन वर्षांत कंटाळा आला की चमत्कार बिघडला म्हणून विकायला काढली. काही गाड्यांवर तर नुसता हायब्रिडचा बिल्ला असतो आणि आत नावापुरती एक छोटी मोटर. त्यांचे मालक तो बिल्ला रोज फडक्याने पुसतात.

त्या काळी गाडी घ्यायच्या आधी मला विचारायचं अशी तलासरी-डहाणूकडे पद्धत होती. मुलगी बघायला जाताना मामाला नेतात तसं लोक मला शोरूममध्ये न्यायचे. मी टायरला लाथ मारायचो, बॉनेट उघडायला सांगायचो, थोडा वेळ आत बघून 'हं' म्हणायचो. त्या 'हं'वर सौदे ठरायचे आणि मोडायचे. हायब्रिडबद्दल माझा निकाल ठरलेला होता. एकाच गाडीत दोन दुखणी कशाला पोसायची, असं मी चहाचा कप खाली ठेवत म्हणायचो आणि समोरचा माणूस डिझेल घ्यायचा. मला हायब्रिडमधलं काही कळत नव्हतं, पण हे त्यांना कळत नव्हतं.

माझा सल्ला झुगारून हायब्रिड घेणारा पहिला माणूस म्हणजे भरतशेठ. डहाणूला त्यांची चिकूची वाडी आहे, व्यापार आहे, आणि दर वर्षाला नवं वेड आहे. एके वर्षी जिममध्ये जात होते, एके वर्षी कबुतरं पाळली होती. मग त्यांच्या वाचनात आलं की शहाणी माणसं हायब्रिड चालवतात. नवी गाडी घेऊन ते विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला निघाले आणि मानाने मलाही सोबत नेलं.

देवळाबाहेर पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. भरतशेठ आत बसले, त्यांनी बटण दाबलं आणि गाडीतून आवाजच आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं, तरी तेच. खरं म्हणजे पहिल्यांदा दाबलं तेव्हाच गाडी चालू झाली होती, दुसऱ्यांदा बंद झाली, तिसऱ्यांदा परत चालू झाली. बॅटरी भरलेली असली की ही गाडी चालू होताना आवाज करत नाही, समोर फक्त एक हिरवी खूण उमटते. एवढं आम्हा दोघांना माहीत असतं तर प्रश्नच नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बॉनेटवर कान टेकवला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की स्टार्टर गेला. माझं वाक्य संपतं न संपतं तोच शेठनी गिअर टाकून बघितला आणि त्यांचा पाय पेडलवर पडला. गाडी मुकाट्याने पुढे आली, लिंबं चिरडली, आणि पूजेचं ताट उचलायला वाकलेल्या पुजाऱ्याने जी उडी मारली ती मी आयुष्यात विसरणार नाही. कोणाला लागलं नाही. त्या दिवशी मी शहाणा व्हायला हवं होतं. मी मात्र महिनाभर लोकांना सांगत होतो की असल्या गाड्या देवाच्या दारीसुद्धा दगा देतात.

पुढे पेट्रोल महागलं आणि हायब्रिडची लाट आली. भरतशेठनी पाच-सहा जणांचं मायलेज मंडळ काढलं. रविवारी सकाळी ही मंडळी बोर्डीच्या किनाऱ्यावर गाड्या लावून जमायची आणि एकमेकांना गाडीच्या पडद्यावरचे आकडे दाखवायची. आकडा वाढावा म्हणून मे महिन्यात एसी बंद ठेवायची. काचाही बंद, कारण वाऱ्याने मायलेज पडतं. आतून घामाने निथळलेले हे गृहस्थ हायवेवर बैलगाडीच्या वेगाने चालायचे आणि मागे अच्छाडहून आलेल्या ट्रकांची रांग हॉर्न वाजवत असायची. एकाने वजन कमी करायला स्टेपनी घरी काढून ठेवली होती. ती किती शहाणपणाची गोष्ट होती हे त्याला कासा गावाच्या पुढे एका दुपारी कळलं. भरतशेठ तर नुसता आकडा सुधारायला डहाणू ते घोलवड अशा रिकाम्या फेऱ्या मारायचे. पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्रोल जाळणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्यांत ती गाडी खरी कळली होती एकाच बाईला, आणि ती मंडळात नव्हती.

झाईची भानुमावशी सुक्या मासळीचा धंदा करते. बोंबील, जवळा, सुकट किनाऱ्यावर सुकवायची आणि आतल्या बाजारांत, उधव्याला, तलासरीला, कासाला नेऊन विकायची. आयुष्यभर तिने टेम्पोवाल्यांची वाट बघितली. टेम्पो उशिरा आला की बाजारातली चांगली जागा जायची आणि लवकर परत निघाला की माल तसाच राहायचा. बोर्डीला एका मुंबईकराचा बंगला आहे, तिथे ती मासळी द्यायची. त्याच्याकडे एक दहा वर्षांची हायब्रिड धूळ खात पडली होती. त्या दिवसांत जुन्या हायब्रिडला कोणी विचारत नव्हतं. मावशीने ती घेतली. मागची सीट आडवी केली, पोती भरली, आणि तिची मुलगी नयना गाडी चालवायला लागली. बाजारातून इंच-इंच सरकताना, घरोघर थांबताना गाडी बॅटरीवरच चालायची. पेट्रोल असं लागायचंच नाही. मंडळातले लोक जो आकडा मिळवायला घामाघूम होत होते त्याच्याहून चांगला आकडा बोंबलाच्या पोत्यांसकट मावशीला मिळत होता, आणि तिने तो कधी बघितलाही नव्हता.

तिने ती गाडी मला न विचारता घेतली होती. हे मला लागलं होतं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलंच लागलं होतं.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, ती गाडी माझ्या दारात उभी राहिली. मे महिना म्हणजे आगोटीच्या खरेदीचा. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून पाड्यापाड्यांवरचे लोक चार महिन्यांची सुकी मासळी याच दिवसांत भरून ठेवतात. मावशीचा वर्षाचा धंदा त्या तीन-चार आठवड्यांत व्हायचा. आणि नेमका तेव्हाच गाडीच्या पडद्यावर लाल दिवा लागला, इंजिन सतत घरघरायला लागलं आणि गाडीचा जोर गेला.

गॅरेजमध्ये दहा-बारा माणसं होती. बाजाराचा दिवस होता, त्यात भरतशेठही सर्व्हिसिंगला आलेले. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मी नवीन घेतलेला स्कॅनर बाहेर काढला. हे यंत्र गाडीला जोडलं की गाडीचं दुखणं पडद्यावर इंग्रजीत लिहून येतं. ओळ लांब होती. माझं वाचन 'बॅटरी' या शब्दापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. पुढे काय लिहिलंय ते बघायची मला गरज वाटली नाही, कारण मला जे वाचायचं होतं ते मिळालं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बॅटरी मेली. नवी टाकायची तर त्यात दुसरी गाडी येईल. दोन दुखण्यांचं मी पूर्वीच सांगितलं होतं, हेही ऐकवलं.

"मिस्त्री, नक्की का?" मावशीने विचारलं.

"मावशी, हजारो गाड्या या हातांखालून गेल्यात."

"या जातीची किती गेली?"

लोक हसले. मला राग आला. मी म्हटलं, विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा. तिने तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, की दुसरं काही असू शकेल का. मी मान हलवून नाही म्हटलं आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळलो.

आठवड्याभरात तिने गाडी विकली. घेणारे भरतशेठ. मला वाटलं, नवं वेड. जुन्या हायब्रिड जमवणार असतील. मावशी परत टेम्पोवर आली. त्या मोसमात टेम्पोवाल्यांना तिच्यासाठी वेळ नव्हता. तिचे अर्धे बाजार चुकले. राहिलेला माल घरातच पडून राहिला आणि जूनच्या ओलीने त्याला बुरशी धरली. हे मला पुतण्याने सांगितलं. मी म्हटलं, त्याला मी काय करणार, बॅटरी मी थोडीच मारली.

जुलैमध्ये भरतशेठ गॅरेजवर आले ते मावशीच्याच गाडीतून, आवाज न करता. लाल दिवा नाही, घरघर नाही. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले,

"जुओ मिस्त्री, आ तुमची मेलेली बॅटरी."

पिशवीत जवळ्याचा भुगा होता, माशांचे खवले होते, पोत्याचे धागे होते. आता जे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं ते तुम्हाला एका वाक्यात सांगतो. ही बॅटरी तापते, म्हणून मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते आणि तिथून एक पंखा गाडीतली हवा ओढून बॅटरीवर सोडतो. मावशीची पोती त्या जाळीला लागून असायची. दोन वर्षांत जवळ्याने जाळी आणि पंखा पुरते लिंपून टाकले होते. बॅटरी गुदमरत होती, मेली नव्हती. स्कॅनरवरच्या त्या लांब ओळीत बॅटरीच्या पुढे पंखाच लिहिला होता. शेठनी गाडी वापीला एका कारागिराकडे नेली, त्याने जाळी काढून धुतली, पंखा साफ केला. अर्ध्या तासाचं काम.

मी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? शेठ मोकळेपणाने म्हणाले की आधीच. माझ्या गॅरेजमधूनच त्यांनी स्कॅनरचा फोटो मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकला होता आणि मंडळातल्या एकाने पाच मिनिटांत पंख्याचं सांगितलं होतं. म्हणून तर गाडी घेतली.

"मग मावशीला का नाही सांगितलं?"

"मला कोण विचारतो? निकाल तो तुमचा होता."

त्यांना शिव्या देण्याचा मला फार मोह झाला. पण लबाडी त्यांची असली तरी त्या लबाडीला लागणारा माल मी पुरवला होता. मी पिशवी कचऱ्यात टाकली. नंतर परत काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. का, ते सांगता येणार नाही.

चार महिने मी झाईकडे फिरकलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी नोव्हेंबरात गेलो. मावशी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. जोडी-जोडीने, एकाच्या तोंडात दुसरा अडकवून. मी जवळ उभा राहून सांगून टाकलं की बॅटरी गेली नव्हती, जाळी तुंबली होती.

तिचे हात थांबले नाहीत. "किती वेळाचं काम होतं?"

"अर्धा तास."

तिने आणखी तीन-चार जोड्या लावल्या. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं हे मला तेव्हाच कळलेलं. मी मासळी विकते मिस्त्री. शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्याचं तोंड मला कळतं."

"मग गाडी विकलीत कशाला?"

"सगळे म्हणतात मिस्त्री चुकत नाही. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

मला मार खाल्ल्यासारखं झालं. मी माफी मागायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. तिथे किनाऱ्यावर कोणी ऐकणारं नव्हतं, आणि बॅटरी मेल्याचं तर मी दहा-बारा माणसांसमोर सांगितलं होतं. तेव्हा हेही गॅरेजवर त्यांच्याचसमोर सांग, असं ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गॅरेजसमोर उभं राहून सांगितलं. निम्म्या लोकांना वाटलं मी निवडणुकीला उभा राहतोय. उरलेल्या निम्म्यांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर केलं. त्या महिन्यात दोघा जणांनी स्कॅनरची पूर्ण ओळ वाचून दाखवा म्हणून माझ्यासमोर हट्ट धरला. मी वाचून दाखवली.

मावशीला गाडी परत मिळावी म्हणून मी शेठच्या मागे लागलो होतो, पण तोवर हायब्रिडचे दिवस पुन्हा वर आले होते आणि ते ऐकत नव्हते. शेवटी माझ्या बाजूने उभा राहिला तो वास. पंखा धुतला तरी सीटमध्ये, छताच्या कापडात, दाराच्या फटीत जवळा मुरलेला होता. थंडीत जाणवला नाही, पण फेब्रुवारी तापला तसा तो वर आला. शेठच्या घरी कांदासुद्धा चालत नाही. त्यांची आई, ज्यांना सगळे बा म्हणतात, एकदा त्या गाडीत बसून देवळात निघाल्या आणि पहिल्याच वळणावर उतरून चालत घरी गेल्या. शेठनी अत्तर मारलं, कापूर ठेवला, चिकूची करंडी ठेवली. मग गाडीतून कापूर आणि अत्तर लावलेल्या बोंबलाचा वास यायला लागला. मंडळातले लोकही त्यांच्यापासून लांब गाडी उभी करू लागले.

त्याच सुमारास मंडळाचं मन इलेक्ट्रिकवर गेलं होतं. हायब्रिड म्हणजे ना धड इकडची ना धड तिकडची, असं आता तीच माणसं म्हणत होती. रविवारी ती बोर्डीऐवजी चारोटीजवळच्या ढाब्यावर चार्जिंगच्या रांगेत बसायची आणि तिसरा चहा पिताना एकमेकांना भविष्यकाळ समजावून सांगायची. दिवाळीपर्यंत त्यातले दोघं रांगेला कंटाळून पुन्हा नवी हायब्रिड बुक करून बसले होते, हेही सांगून ठेवतो.

तरी शेठ शेठच. गाडी द्यायला तयार झाले ते माझ्या जीपच्या बदल्यात. ती उघडी जीप मी भंगारातून उचलून सहा वर्षं रविवारी-रविवारी बांधली होती. शेठ तिच्यासाठी कधीपासून टपलेले होते आणि मी दर वेळी नाही म्हणत होतो. या वेळी किल्ली दिली. जीप जाताना बघवली नाही म्हणून मी आत जाऊन बसलो. पुढच्या कागदपत्रांचं काम पुतण्याने केलं.

मावशीची गाडी धुऊन, पुसून मी झाईला नेली. जाळी मी स्वतः पुन्हा उघडून बघितली होती. मनात कुठेतरी वाटत होतं की मावशीचे डोळे भरतील, चहा ठेवेल, झालं गेलं विसरून जा म्हणेल. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. आत डोकं घालून तिने श्वास घेतला आणि तिला तरी वास ओळखीचाच वाटला असावा. जाळी कुठे असते ते मला दाखवायला लावलं. मग नयनाला हाक मारली आणि मागचं दार उघडून मला आत बसायला सांगितलं.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"वापीला. त्या माणसाला दाखवल्याशिवाय मी ही घेणार नाही."

तासाभरात वापीला पोचलो. वापीच्या कारागिराचं नाव जिग्नेश. वयाने माझ्या निम्मा, टेबलावर पुस्तकं मांडलेली, हातात रबरी मोजे. त्याने गाडी तपासली, पंखा फिरवून बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. पोती कुठे ठेवायची, जाळी किती दिवसांनी धुवायची हे नयनाने वहीत लिहून घेतलं. मी दारात उभा होतो. निघायचं म्हणून मी वळलो तर मावशी तिथेच थांबलेली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"याला बसवून नीट शिकव भाऊ," ती जिग्नेशला म्हणाली. "आमच्या तलासरीत अजून तिघांकडे ही गाडी आहे, आणि ते यालाच विचारतात."

जिग्नेशने एक स्टूल पुढे सरकवलं. मी चष्मा काढून पुसला आणि बसलो.